कमोडोर ६४ वर लिनक्स : प्रयोग, पुरावा आणि एक घाईचा निष्कर्ष

१/ चाळीस वर्षांपूर्वीच्या घरगुती संगणकावर कोणीतरी लिनक्स किंवा युनिक्ससारखी प्रणाली सुरू करून दाखवतो. पडद्यावर एकेक ओळ संथपणे उमटते, अखेरीस आज्ञेची वाट पाहणारे चिन्ह लुकलुकू लागते, आणि पाहणारे थक्क होतात. त्यापाठोपाठ एक निष्कर्षही निघतो : 'म्हणजे हे तेव्हाही शक्य होते तर!' हा धागा त्या निष्कर्षाविषयी आहे. अशा प्रयोगांपैकी काही इतिहासाचा पुरावा म्हणून खरोखर मोलाचे आहेत. काहींची करामत मोठी असली, तरी भूतकाळाविषयी ते फारसे काही सांगत नाहीत. हा भेद केला नाही, तर संगणकाच्या इतिहासातला एक महत्त्वाचा प्रश्न हातातून निसटतो.

२/ आधी 'घरगुती संगणक' म्हणजे काय ते पाहणे आवश्यक आहे. १९७७ मध्ये अ‍ॅपल टू आणि टीआरएस-८० बाजारात आले. त्यामागून १९८१ मध्ये बीबीसी मायक्रो, १९८२ मध्ये सिंक्लेअर झेडएक्स स्पेक्ट्रम आणि कमोडोर ६४. यांतल्या अनेकांची रचना सारखीच होती. कळफलकाच्या खोक्यातच सगळा संगणक, आणि पडदा म्हणून घरातला दूरदर्शन संच. बटण दाबताच रॉममधली बेसिक भाषा क्षणार्धात हजर होई. एका वेळी एक माणूस, एक प्रोग्रॅम. आणि तो प्रोग्रॅम जपून ठेवायला बहुतेक घरांत गाणी ऐकण्याची साधी कॅसेट.

३/ युनिक्सचे जग याहून वेगळे. १९६९ मध्ये अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात, बेल लॅब्सच्या मरे हिल येथील प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी ही प्रणाली घडवायला घेतली. एकाच यंत्रावर अनेक प्रोग्रॅम आळीपाळीने चालावेत, अनेक माणसांनी ते यंत्र वाटून घ्यावे, फाइली एकात एक अशा कप्प्यांत नीट रचलेल्या असाव्यात, हा तिचा गाभा. पुढे त्यात 'पाइप' आला : एका प्रोग्रॅमचे उत्तर परस्पर दुसऱ्या प्रोग्रॅमच्या हाती सोपवण्याची सोय. आजचे लिनक्स, अँड्रॉइड आणि मॅक या सर्वांवर या घराण्याचा ठसा आहे.

४/ मग घरगुती संगणकांवर युनिक्स का आले नाही? नेहमीचे उत्तर सोपे असते : 'ती यंत्रे फार दुबळी होती. मेमरी नव्हती, वेग नव्हता. यंत्रे बळकट झाली तेव्हा युनिक्स आपोआप घरात आले.' तंत्रज्ञानाचा इतिहास चिपच्या ताकदीने पुढे सरकतो, माणसांचे निर्णय त्यात दुय्यम असतात, अशी समजूत या उत्तरामागे आहे. ती समजूत आकड्यांवर घासून पाहायला हवी.

५/ युनिक्सचा जन्म ज्या यंत्रावर झाला, ते डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनचे पीडीपी-७. किंमत सुमारे ७२,००० डॉलर, आकार कपाटांच्या रांगेएवढा. पण त्याची मेमरी किती? १८ बिटांचे ८,१९२ शब्द. आजच्या मापात हे जेमतेम १८ किलोबाइट होतात. कमोडोर ६४ ची मेमरी नावातच आहे : ६४ किलोबाइट. म्हणजे युनिक्सच्या पाळण्याच्या साडेतीनपट जागा १९८२ नंतर लक्षावधी घरांतल्या मेजांवर होती.

६/ हा एकच दाखला पुरेसा वाटत नसेल, तर दुसरा घ्यावा. १९७१ च्या सुमारास बेल लॅब्समधले युनिक्स पीडीपी-११ या यंत्रावर चालत होते. तिथे मेमरी होती २४ किलोबाइट : १६ प्रणालीसाठी, ८ वापरणाऱ्यांच्या प्रोग्रॅमसाठी. डिस्क अर्ध्या मेगाबाइटची. एवढ्या तुटपुंज्या साधनांवर कंपनीच्या पेटंट विभागातले टंकलेखक रोजचे काम करत. ते प्रात्यक्षिकापुरते मांडलेले यंत्र नव्हते, त्यावर एका कार्यालयाचा व्यवहार चालत होता.

७/ ही तुलना सरळसोट करून मात्र चालणार नाही. घरगुती संगणकाला पडदा स्वतःच्याच मेमरीतून रंगवावा लागे. बीबीसी मायक्रोच्या मॉडेल बीमध्ये एकूण ३२ किलोबाइट, आणि बारीक चित्रे दाखवणाऱ्या पद्धतीत त्यातले २० किलोबाइट पडदाच गिळत असे. केवळ अक्षरे दाखवणाऱ्या पद्धतीत मात्र हाच खर्च एका किलोबाइटवर येई. पीडीपीवरच्या युनिक्सचे उत्तर सहसा टेलिटाइपच्या कागदावर छापून येई. शिवाय पीडीपी-११ ची आज्ञावली १६ बिटांची आणि डौलदार होती, ८ बिटांच्या चिपवर तेच काम अधिक आज्ञा खर्चून करावे लागे. हे सगळे वजा केले तरी अंतर थोडेच उरते. 'मेमरी नव्हती' हे कारण एकटे टिकत नाही.

८/ बीबीसी मायक्रोचा भारताशी थेट संबंध आहे. १९८४ मध्ये सुरू झालेल्या 'क्लास' या शालेय संगणक-साक्षरता प्रकल्पात, पहिल्या टप्प्यात सुमारे २५० शाळांत, हेच यंत्र आले. त्या काळी भारतीय शाळेत संगणक म्हणजे काळ्या पडद्यावरची बेसिक, अशीच एका पिढीची ओळख झाली. फाइलव्यवस्था, प्रोसेस, वापरकर्त्यांचे अधिकार या कल्पना त्या ओळखीत नव्हत्या. यात शिक्षकांचा दोष नाही. जगभर घरगुती संगणकांची ओळख अशीच झाली. प्रश्न एवढाच, की ही मर्यादा यंत्राची होती की यंत्राभोवतीच्या व्यवस्थेची.

९/ पहिला खरा अडथळा : डिस्क. युनिक्समध्ये फाइलव्यवस्था हा पाया आहे, आणि डिस्कवरच्या कोणत्याही खणापर्यंत थेट पोहोचता येईल हे त्या पायात गृहीत आहे. कॅसेटवर ते अशक्य. पंधराव्या मिनिटाला साठवलेले काही हवे असेल, तर आधीची चौदा मिनिटे फीत फिरवावी लागे. फ्लॉपी ड्राइव्ह मिळत असे, पण ती घेणे म्हणजे जवळपास दुसरा संगणक विकत घेण्यासारखे होते. कमोडोरच्या १५४१ ड्राइव्हवर एका फ्लॉपीत सुमारे १७० किलोबाइट मावत, आणि तिचा संथपणा त्या काळीही कुप्रसिद्ध होता.

१०/ दुसरा अडथळा : मेमरीची वाटणी आणि राखण. एका खोलीचे घर डोळ्यांसमोर आणावे. दिवसा तिथे बैठक, दुपारी पंगत, रात्री अंथरुणे. एकाची वस्तू हलवल्याशिवाय दुसऱ्याची मांडता येत नाही. जादा सामान माळ्यावर. लहान यंत्रावर अनेक प्रोग्रॅम चालवणे हे असेच : एकाचा पसारा आवरून डिस्कवर टाकायचा, दुसऱ्याचा काढून मांडायचा. मोठ्या यंत्रांत प्रत्येकाला भिंतीआडची वेगळी खोली देणारे आणि शेजाऱ्याच्या सामानाला हात लावू न देणारे खास हार्डवेअर असे. घरगुती संगणकांत अशी भिंत नव्हती.

११/ कमोडोरच्या चिपची आणखी एक अडचण होती. ६५०२ घराण्यातल्या या चिपचा स्टॅक, म्हणजे अर्धवट राहिलेल्या कामांची नोंद ठेवायची जागा, अवघ्या २५६ बाइटांचा आणि मेमरीतल्या एका ठरलेल्या पानावर खिळलेला. एका प्रोग्रॅमकडून दुसऱ्याकडे जाताना ते पान जपून ठेवणे किंवा वाटून घेणे भाग पडते. त्रासदायक, पण अशक्य नाही. १९९० च्या दशकात कमोडोर ६४ साठी लिहिलेल्या 'लिटल युनिक्स' अर्थात 'एलयुनिक्स'ने त्याच चिपवर अनेक कामे आळीपाळीने चालवून दाखवली.

१२/ 'संरक्षक भिंत नाही म्हणून युनिक्स नाही' हा युक्तिवादही पुरता टिकत नाही. कारण खुद्द सुरुवातीच्या पीडीपी-११ मध्ये ती भिंत नव्हती. रिची यांनी पुढे लिहिले आहे की नवा प्रोग्रॅम चालवून पाहायला सावधगिरी आणि धाडस दोन्ही लागे, कारण एका चुकीने सगळे यंत्र कोसळू शके. म्हणजे युनिक्सच्या निर्मात्यांनी हीच गैरसोय सोसली होती.

१३/ तिसरा अडथळा लोखंडाचा किंवा सिलिकॉनचा नव्हताच. तो कागदाचा होता. बेल लॅब्सची मालक कंपनी एटी अँड टी. दूरध्वनीतील तिच्या मक्तेदारीमुळे १९५६ च्या न्यायालयीन तडजोडीने तिला इतर धंद्यांत उतरण्याची बंदी होती. म्हणून युनिक्स हे विक्रीचे उत्पादन बनले नाही. विद्यापीठांना ते नाममात्र शुल्कात सोर्स कोडसह मिळे, व्यापारी संस्थांना मात्र परवान्यासाठी हजारो डॉलर मोजावे लागत. बाजारात आला तेव्हा कमोडोर ६४ ची किंमत ५९५ डॉलर होती. प्रणालीचा परवाना यंत्राच्या अनेकपट महाग असेल, तर ती घरात कशी येणार?

१४/ पुढे दार आणखी आवळले गेले. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स विद्यापीठात जॉन लायन्स यांनी युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीच्या सोर्स कोडवर ओळीओळीने भाष्य लिहून विद्यार्थ्यांना शिकवले होते. १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या परवान्याने वर्गात सोर्स कोड शिकवण्यास मनाई केली. लायन्स यांचे पुस्तक त्यानंतर झेरॉक्सच्या झेरॉक्समधून गुपचूप फिरत राहिले. त्याचे रीतसर प्रकाशन झाले थेट १९९६ मध्ये. विद्यार्थ्यांना वाचण्यापासून रोखणारी गोष्ट चिपचा वेग नव्हती.

१५/ येथवर झाला तर्क. इतिहासाला त्याच काळातला पुरावा लागतो, आणि तो आहे. १९८० च्या सुमारास आयोवातील मायक्रोवेअर या कंपनीने मोटोरोलाच्या ६८०९ चिपसाठी 'ओएस-९' ही प्रणाली आणली. अनेक कामे एकाच वेळी, एकात एक कप्पे, पाइप : युनिक्सच्या धाटणीचे बरेच काही त्यात होते. ती युनिक्सची नक्कल नव्हती, पण त्या विचारांच्या छायेत वाढलेली होती. १९८३ पासून ती रेडिओ शॅकच्या 'कलर कॉम्प्युटर' या घरगुती यंत्रासाठी विकली गेली. गरज काय? ६४ किलोबाइट मेमरी आणि एक फ्लॉपी ड्राइव्ह.

१६/ याहून नेमका पुरावा म्हणजे डग ब्राउन यांची 'यूझी' प्रणाली. १९८० च्या दशकात त्यांनी झेड८० चिपच्या घरी जुळवलेल्या यंत्रासाठी युनिक्सच्या सातव्या आवृत्तीसारखा गाभा स्वतंत्रपणे लिहिला. त्यात त्या आवृत्तीची जवळपास सगळी कार्ये होती, आणि एटी अँड टीच्या कोडची एकही ओळ नव्हती. मेमरी वाटणारे खास हार्डवेअर नाही, म्हणून एका वेळी एकच प्रोसेस मेमरीत आणि उरलेले डिस्कवर. माळ्यावरच्या सामानाची तीच युक्ती.

१७/ यूझीचे ऐतिहासिक मोल कशात आहे? चिप त्या काळची, कंपायलर त्या काळचा, डिस्क त्या काळची, लिहिणाराही त्याच काळात बसून लिहिणारा. भविष्यातून काहीही उसने घेतलेले नाही. त्यामुळे 'तेव्हा शक्य होते का?' या प्रश्नाला यूझी 'होय' असे उत्तर देते आणि ते उत्तर निर्विवाद ठरते. संगणकाच्या लोकप्रिय इतिहासांत तिला क्वचितच जागा मिळते, ही खेदाची बाब आहे.

१८/ आता आजचे गाजलेले प्रयोग पाहावेत. २०२४ मध्ये दिमित्री ग्रिनबर्ग यांनी इंटेल ४००४ या १९७१ च्या ४ बिटांच्या चिपवर लिनक्स सुरू केले. सुरू व्हायला लागलेला वेळ : सुमारे पावणेपाच दिवस. कमोडोर ६४ साठीही असाच एक प्रकल्प २०२३ मध्ये पुढे आला. तिथे खऱ्या यंत्रावर लिनक्स सुरू व्हायला आठवडाभर लागेल असा त्याच्या कर्त्याचाच अंदाज आहे. दोन्ही ठिकाणी कौशल्य असामान्य आहे, यात शंका नाही.

१९/ पण तिथे चालते नेमके काय? जुनी चिप लिनक्स चालवत नाही. ती एका दुसऱ्या, आधुनिक धाटणीच्या चिपची हुबेहूब नक्कल चालवते, आणि लिनक्स त्या नकली चिपवर चालते. शिवाय लिनक्सला लागणारी अनेक मेगाबाइट मेमरी बाहेरून जोडावी किंवा गृहीत धरावी लागते. पुरेशी मेमरी आणि पुरेसा वेळ दिला तर कोणताही संगणक दुसऱ्या कोणत्याही संगणकाची नक्कल करू शकतो, हे अ‍ॅलन ट्युरिंग यांनी १९३६ मध्येच तत्त्वतः दाखवले होते. हे प्रयोग त्या सिद्धांताचे सुंदर प्रात्यक्षिक आहेत. १९८२ साली काय शक्य होते, याचे साक्षीदार ते नाहीत.

२०/ या दोन टोकांच्या मध्ये उभी आहे 'फ्युझिक्स'. लिनक्सच्या जडणघडणीतील एक प्रमुख नाव असलेले अ‍ॅलन कॉक्स यांनी २०१४ मध्ये यूझीच्याच पायावर ही प्रणाली उभी केली. झेड८०, ६५०२, ६८०९ अशा जुन्या चिपवर ती थेट चालते. मध्ये कोणतीही नकली चिप नाही. यंत्राची प्रत्येक खोड ओळखून, मेमरीचे कप्पे आळीपाळीने उघडून ती काम करते. दिवसांची वाट पाहावी लागत नाही, आज्ञा दिली की उत्तर येते.

२१/ तरीही फ्युझिक्सला १९८० च्या दशकाचा थेट पुरावा म्हणता येणार नाही. तिचा कोड आजच्या शक्तिशाली संगणकावरच्या आजच्या कंपायलरने घडवला जातो. फ्लॉपीऐवजी अनेकदा मेमरी कार्ड जोडले जाते. मुख्य म्हणजे, ती लिहिणाऱ्याच्या डोक्यात तीस वर्षांचा युनिक्सचा अनुभव आहे. 'हे जमते' हे आधीच ठाऊक असणे ही मोठी शिदोरी असते. १९८३ मधल्या एखाद्या हौशी तरुणाकडे ती नव्हती.

२२/ इतिहासाच्या अभ्यासकांना ही गुंतागुंत अपरिचित नाही. १९४७ मध्ये थॉर हेयरडाल यांनी 'कॉन-टिकी' हा ओंडक्यांचा तराफा पेरूहून पॉलिनेशियापर्यंत १०१ दिवसांत नेला. प्रवास शक्य आहे हे सिद्ध झाले. पॉलिनेशियाची वस्ती तशी झाली हे मात्र सिद्ध झाले नाही, भाषा आणि आनुवंशिकतेचा पुरावा मुख्यतः पश्चिमेकडून झालेल्या स्थलांतराकडे बोट दाखवतो. अजिंठ्याच्या भित्तिचित्रातील जहाजावरून गोव्यात बांधलेले आणि २०२५ मध्ये नौदलात दाखल झालेले शिवण-जहाज 'कौंडिण्य' हेही असेच उदाहरण. चित्रातून न कळणाऱ्या अनेक गोष्टी बांधताना ठरवाव्या लागल्या. अशा प्रयोगांतून ज्ञान मिळते, पण कोणता भाग जुना आणि कोणता आजच्या अंदाजाचा, याची नोंद असेल तरच.

२३/ म्हणून 'जुन्या यंत्रावर युनिक्स' अशी बातमी दिसली की तीन प्रश्न विचारावेत.
पहिला : कोड मूळ चिपवर थेट चालतो, की नकली चिपवर?
दुसरा : मेमरी, साठवण आणि कंपायलर त्या काळचे आहेत, की नंतरचे?
तिसरा : त्या काळच्या माणसाला ते परवडले असते का, आणि कायद्याने मिळाले असते का?
तिन्ही उत्तरे त्या काळच्या बाजूने असतील, तर तो पुरावा. दोन असतील, तर मोलाची सूचना. एकही नसेल, तर ते निखळ कौशल्य, आणि कौतुकही त्याच नावाने व्हावे.

२४/ यावर एक रास्त आक्षेप आहे. 'शक्य असते तरी घरी युनिक्स हवे कोणाला होते? लोकांना खेळ हवे होते आणि बटण दाबताच सुरू होणारे यंत्र हवे होते.' हे बऱ्याच अंशी खरे आहे. ओएस-९ दुकानात असूनही बाजार जिंकू शकली नाही. कॉमोडोरनेच १९९० मध्ये युनिक्ससह आणलेला अमिगा ३००० यूएक्सही फार चालला नाही. टॅन्डीने मॉडेल १६ वर मायक्रोसॉफ्टचे झेनिक्स दिले, पण ते दुकाने आणि कार्यालयांसाठी. मागणीचा अभाव हेही कारण होतेच. पण हे कारणही यंत्राच्या दुबळेपणाचे नाही. ते माणसांच्या निवडीचे आहे.

२५/ आणि मागणी अगदीच नव्हती असेही नाही. १९८७ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या व्रिये विद्यापीठातील अँड्र्यू टॅननबाम यांनी 'मिनिक्स' प्रसिद्ध केली : साध्या आयबीएम पीसीवर फ्लॉपीवरून चालणारी, सोर्स कोडसह येणारी, शिकण्यासाठी लिहिलेली. ती लिहिण्याची निकड निर्माण केली त्या सातव्या आवृत्तीच्या परवान्यानेच. जगभरचे विद्यार्थी तिच्यावर तुटून पडले. त्यांतला एक हेलसिंकीचा लिनस टोरवाल्ड्स. १९९१ मध्ये त्याने ३८६ चिपच्या पीसीवर लिनक्स लिहायला घेतले, तेव्हा त्या यंत्रावर मिनिक्सच होती. ३८६ मधली संरक्षक भिंत महत्त्वाची होती, हे खरे. पण वाचायला मिळणारा कोड तिच्याइतकाच महत्त्वाचा होता.

२६/ हा केवळ वादाचा मुद्दा नाही, जतनाचाही आहे. पीडीपी-७ वरच्या मूळ युनिक्सचा कोड कागदावरच्या जुन्या छापील प्रतींतून हौशी अभ्यासकांनी पुन्हा जिवंत केला. २०१९ मध्ये, युनिक्सच्या पन्नासाव्या वर्षी, सिअ‍ॅटलच्या 'लिव्हिंग कॉम्प्युटर्स' संग्रहालयातल्या खऱ्या पीडीपी-७ वर तो चालला. २०२० मध्ये ते संग्रहालय बंद झाले. २०२४ मध्ये ते पुन्हा उघडणार नाही असे जाहीर झाले आणि संग्रहातल्या वस्तू लिलावात निघाल्या. चालू स्थितीतले यंत्र हा फार नाजूक दस्तऐवज आहे.

२७/ कागदी अडथळाही असाच सावकाश दूर झाला. युनिक्सच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांचा कोड कॅल्डेरा या कंपनीने २००२ मध्ये मुक्त परवान्याखाली खुला केला. ज्या ओळी वर्गात शिकवायला १९७९ मध्ये मनाई झाली होती, त्या आज कोणताही विद्यार्थी वाचू शकतो. त्या वाचताना १९७० च्या दशकातला काटकसरीचा विचार थेट दिसतो : प्रत्येक बाइट मोजलेला, प्रत्येक सोय गरजेपुरती.

२८/ तात्पर्य असे. घरगुती संगणकांवर युनिक्स न येण्याचे कारण एकच नव्हते. महाग डिस्क, संरक्षक हार्डवेअरची उणीव, बंद परवाना आणि खेळांकडे वळलेला बाजार या चारांनी मिळून ते घडवले. 'यंत्रे दुबळी होती' हे उत्तर त्यांतल्या दोन कारणांचे ओझरते वर्णन आहे, आणि परवान्याची कथा ते पूर्णच लपवते. तंत्रज्ञान कोणापर्यंत पोहोचते हे कायदा, किंमत आणि वाचण्याचे स्वातंत्र्य यांवरही ठरते, ही गोष्ट आजच्या प्रणालींकडे पाहतानाही उपयोगी आहे.

२९/ शेवटी, तरुण अभ्यासकांसाठी एक व्यावहारिक सूचना. एखाद्या शाळेच्या कपाटात किंवा घराच्या माळ्यावर जुना बीबीसी मायक्रो, स्पेक्ट्रम किंवा कमोडोर सापडला, तर आधी त्याला वीज जोडू नये. जुना वीजपुरवठा सदोष असू शकतो, तो जाणत्या माणसाकडून तपासून घ्यावा. फ्लॉपी आणि कॅसेटवर काय लिहिले आहे ते टिपावे, छायाचित्रे घ्यावीत, त्यांतल्या मजकुराची प्रत करावी. त्यानंतर त्यावर फ्युझिक्स असो वा आणखी काही, जरूर चालवावे. मात्र सोबत एक चिठ्ठी ठेवावी : मूळचे काय होते, नवे काय जोडले, केव्हा जोडले. त्या चिठ्ठीमुळेच पुढच्या अभ्यासकाला त्या यंत्राची साक्ष घेता येईल.

#संगणकाचा_इतिहास #युनिक्स #धागा